मेश्रामांची लाल रेघ

प्रिय ईशान आणि रेवा,

मागच्या रविवारी ईशानने त्याच्या शर्यतीचा आलेख पाठवला. आधी पोहणं, मग सव्वापाच तास सायकल, मग धावणं. त्यातल्या सायकलीच्या तासांची जवळजवळ सरळ अशी एक रेघ होती. मी फोनवर विचारलं, ही कसली रेघ? तो म्हणाला, "आजी, पाय पेडलवर किती ताकद लावतात ते मोजणारं यंत्र आहे. ठरवलेल्या आकड्यावर ताकद धरून ठेवायची. सुरुवातीला अंगात जोर असतो म्हणून वाढवायची नाही." मी विचारलं, "आणि समोरून वारा आला तर?" तो म्हणाला, "तर वेग पडू द्यायचा. ताकद तेवढीच."

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

खापरखेड्याच्या मेश्रामांबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. तुमच्या आईला थोडं माहीत आहे, तेही अर्धवट. आता माझं वय पाहता लिहून ठेवलेलं बरं, म्हणून जे आठवतं ते क्रमाने लिहिते. हे सगळं घडलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं, आताही येत नाही. त्याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

सत्तर सालाच्या अलीकडे-पलीकडे सात वर्षं आम्ही नागपूरजवळ खापरखेड्याच्या वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा तिथल्या वीज केंद्रात इंजिनिअर होते. मी वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि मुलींना प्रथमोपचारही. मेश्राम टर्बाइनचे ऑपरेटर. हुद्द्याने आजोबांच्या हाताखालचे, वयाने दहा वर्षांनी मोठे. आमच्या मागच्या रांगेत त्यांचं क्वार्टर. घरात बायको शेवंताबाई आणि एकुलती एक मुलगी शालू. मला ते 'बाई' म्हणत, आजोबांना 'साहेब'.

माणूस उंच, हाडापेराने मजबूत, आणि अतिशय सावकाश. पावसाची सर आली तरी धावत नसत. धोतर-शर्ट वाळत असले तर शेवंताबाई ओरडायच्या, "अहो, भिजून राहिले ना कपडे!" हे त्याच पावलांनी जाऊन, भिजलेले कपडे नीट घडी घालून आणायचे. "भिजलेच होते. आता धावून का सुकतात?"

आमच्याकडे आले की आधी वर पंख्याकडे पाहायचे. माणसाकडे नंतर. "साहेब, पन्नासच्या खाली आली जी फ्रिक्वेन्सी." आजोबा म्हणायचे, "मेश्राम, आज सुट्टी आहे तुम्हाला." "मले आहे. पंख्याले नाही." पंख्याच्या आवाजावरून, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यावरून त्यांना वीज केंद्राची प्रकृती कळे. जेवताना मध्येच उठून दारात उभे राहत आणि धुराड्याकडे बघत. शेवंताबाई मला म्हणायच्या, "बाई, सवत असती तं भांडता तरी आलं असतं. चिमणीसोबत कशी भांडू?"

हे पंख्याचं प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं, पुढचं त्यावर अवलंबून आहे. वीज तयार करणारं टर्बाइन एकाच वेगाने फिरवावं लागतं, मिनिटाला तीन हजार फेरे. शहरात दिवे लागोत, गिरण्या सुरू होवोत, लोड, म्हणजे विजेची मागणी, कितीही वाढो, फेरे कमी होऊ द्यायचे नाहीत. लोड वाढला की वाफ जास्त सोडायची. फेरे कमी झाले की विजेची फ्रिक्वेन्सी पन्नासच्या खाली जाते आणि घरोघरचे पंखे मंदावतात. फेऱ्यांची सुई हलली की ऑपरेटरचं चुकलं. मेश्रामांनी वीस वर्षं त्या एका सुईकडे पाहण्यात घालवली होती. दर तासाला सगळ्या मीटरचे आकडे लॉगशीटवर लिहायचे, तेही इतक्या सुंदर अक्षरात की आजोबा ते कागद मला दाखवायला घरी आणत.

सायकलवरही ते असेच. काळी, जड, दुधवाले वापरतात तशी सायकल. नागपूरच्या महाल भागात त्यांची थोरली बहीण राहायची, तिच्याकडे महिन्यातून दोनदा सायकलने जाऊन येत. दसऱ्याला दीक्षाभूमीवरही सायकलनेच. छप्पन साली तरुण असताना ते तिथे गर्दीत उभे होते. त्याबद्दल फार बोलत नसत, पण त्या दिवशी नवा पांढरा सदरा असायचाच.

एकदा वसाहतीतली पोरं सीताबर्डीला सिनेमाला निघाली. मेश्रामही नागपूरला निघाले होते. पोरं म्हणाली, "चला काका, पाहू कोण पयले पोचते." ती शिट्ट्या मारत पुढे गेली. नागपूरच्या नाक्यावर मेश्रामांनी त्यांना गाठलं. त्यांतले दोघे झाडाखाली आडवे, एकाला उलटी झालेली. मेश्राम उतरले, त्याला पाणी दिलं, त्याची नाडी मोजली आणि म्हणाले, "पयल्या पाच मैलांत सगळेच पहिलवान असतात गा. मले तं पुढच्या पाच मैलांवाला पाह्यचा हाय." आणि पुन्हा त्याच चालीने निघून गेले. ही गोष्ट ती पोरंच सांगत फिरायची.

शालू बापासारखी उंच होती. मॅट्रिक होऊन वर्षभर घरी बसली होती. तिला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. खेळाची बाई व्हायचं होतं. पण प्रवेशाला खेळातलं प्रमाणपत्र लागायचं, आणि ती ज्या खेड्यातल्या शाळेत शिकली तिथे मुलींचा खेळ म्हणजे पटांगण झाडणं. तेव्हा दर मार्चमध्ये नागपूरहून रामटेक आणि परत अशी सायकलची एक शर्यत व्हायची, शंभर किलोमीटरच्या थोडी आत. चार तासांत पुरी करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळे. शालूने ठरवलं की हीच शर्यत करायची. बापाने नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "चार तास दम धरशील?" ती म्हणाली, "तुम्ही शिकवान तं धरीन."

नियमात मुलींचं नावच नव्हतं. मेश्राम माझ्याकडे आले. मी इंग्रजीत अर्ज लिहिला, की नियमांत मुलींना मनाई कुठेही केलेली नाही. तो घेऊन आम्ही तिघं सीताबर्डीवर गेलो. शर्यतीचे सेक्रेटरी आपल्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाई, पोट्टी रस्त्यात पडली तं?"

"मुलगे पडत नाहीत का?"

"पडतात ना. पण मुलगे पडले तं कोणी मले विचारायले येत नाही."

मी म्हटलं, "मला विचारायला सांगा. मी जबाबदार." आणि अर्जाखाली तसं लिहून सही केली. त्यांनी मान्य केलं, पण ती सगळ्यांच्या मागून दहा मिनिटांनी सुटेल. शालू दुकानाबाहेर येऊन एवढं हसली की मेश्राम म्हणाले, "जपून ठेव वं ते हसणं, मार्चात लागंल."

मग त्यांनी ते मीटर बनवलं. सायकलच्या दिव्याला डायनॅमो असतो. चाकाला घासून फिरणारी लहानशी बाटली. जुन्या बाजारातून एक लहान व्होल्टमीटर आणून तो त्यांनी त्या डायनॅमोला जोडला आणि शालूच्या सायकलच्या हँडलवर पत्र्याच्या पट्टीने बसवला. चाक जोरात फिरलं की सुई वर. कित्येक संध्याकाळी मैलाच्या दगडांमध्ये घड्याळ लावून त्यांनी हिशेब केला, आणि ताशी पंचवीस किलोमीटरला सुई जिथे येते तिथे काचेवर लाल रंगाने एक बारीक रेघ ओढली. आजोबांनी खूप कौतुक केलं. मीही केलं.

तीन महिने दर रविवारी पहाटे बापलेक निघत. शालू पुढे, मेश्राम मागे. ते एकच सांगत, "सुई रेघेवर. वर नको, खाली नको." शालूचा स्वभाव धसमुसळा, तिला वर जायची घाई. "बाबा, हे दोघं मले मागं टाकून गेले!" "जाऊ दे. ते आपल्या रेघेवर आहेत, तू आपल्या रेघेवर राह्य." ती हळूहळू शिकली. फेब्रुवारीअखेर तिची सुई तासभर हलत नसे. मेश्रामांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. वीस वर्षं त्यांनी जे जपलं, ते आता त्यांच्या मुलीच्या हाती आलं होतं, असं काहीतरी त्यांना वाटत असावं.

हा सगळा सराव पहाटेचा होता. पहाटे वारा नसतो. हे आम्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शर्यत सकाळी आठला सुटली. मेश्राम आणि मी कन्हानच्या पुलावर थांबणार होतो, जाताना आणि येताना दोन्ही वेळा ती तिथून जायची. आम्ही बसने गेलो, मी लिंबू-मिठाच्या पाण्याची बरणी घेऊन. शेवंताबाई घरीच राहिल्या, त्यांना बघवत नव्हतं. जाताना शालू पुलावर आली तेव्हा दोन मुलग्यांना तिने मागे टाकलेलं होतं. आमच्याजवळून जाताना ओरडली, "बाबा, काहीच वाटून नाही राहिलं! हे तं सोपंच हाय!" वारा तिच्या पाठीला होता. मेश्रामांनी सुई पाहिली, मान डोलावली.

सव्वाअकराला ती परत आली. मधल्या वेळात पश्चिमेचा वारा चांगलाच वाढला होता, मार्चमध्ये नागपूरला वाढतो तसा, गरम. माझा पदर डोक्यावर टिकत नव्हता. परतणारे मुलगे वाकून, हळूहळू येत होते, काही तर उतरून चालत होते. शालू तेवढी सरळ येत होती, गेली त्याच वेगाने. मेश्राम रस्त्याच्या मध्यापर्यंत पुढे गेले. त्यांचे डोळे हँडलवर होते. सुई रेघेवर होती. ते मोठ्याने म्हणाले, "बरोबर! एकदम बरोबर! हालू नको देऊ!"

मी पाणी पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ पांढरे होते आणि कपाळ कोरडं होतं. एवढ्या उन्हात, एवढ्या श्रमात, कपाळावर घामाचा थेंब नव्हता. घाम थांबणं हे उष्माघाताचं लक्षण, असं मी दर वर्षी आठवीच्या फळ्यावर लिहीत असे आणि मुलींकडून पाठ करून घेत असे. मी काही बोलले नाही. मला वाटलं, मेश्रामांना कळतं. सुई बरोबर आहे.

ती गेली.

कामठीच्या अलीकडे ती पडली. एका ट्रकवाल्याने तिला दवाखान्यात पोचवलं. आम्ही मागून बसने आलो तेव्हा चहाच्या टपरीपाशी सायकल उभी केलेली दिसली. टपरीवाला म्हणाला, "पोरगी काहीबाही बोलून राहिली होती. अंग भट्टीसारखं." मेश्राम बसमधून उतरले, सायकलला हात लावला, आणि पुन्हा बसमध्ये चढले.

पाच दिवस ती शुद्धीवर नव्हती. मी रोज शाळा सुटल्यावर जात असे, डबा देत असे, परत येत असे. मला वाटायचं आता काहीतरी वाटेल. पेपर तपासायचे होते ते तपासले. सहाव्या दिवशी तिने डोळे उघडले. जीव वाचला, पण हात थरथरत होते, शब्द जड आणि तुटक येत होते, आणि उभं केलं की ती एका बाजूला कलत होती. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दुखावला आहे. चालेल, पण फार वेळ लागेल. सायकल विसरा.

कॉलेजचं कोणी पुन्हा बोललं नाही.

ती घरी आल्यावर आठवड्याने मेश्राम आमच्याकडे आले. पंख्याकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसून आजोबांना म्हणाले, "साहेब, एक हिशेब करून द्या. जातानी वारा पाठीवर, येतानी तोंडावर. सुई दोन्ही बारीले तेथीच. लोड किती?"

आजोबांनी कागद घेतला. त्यांनी हिशेब दोनदा केला, मला दिसत होतं. मग कागद मेश्रामांपुढे सरकवला. "अंदाज आहे हा. येताना तिप्पट तरी ताकद लागली."

मेश्रामांनी कागद हातात घेतला. "म्हंजे मी तिले टर्बाइन केलं," ते म्हणाले. "टर्बाइनच्या मागं बॉयलर असते साहेब. लोड वाढला तं कोळसा टाकता येते. पोरीच्या मागं काय होतं? एक भाकर अन् चहा."

"मेश्राम, तुम्हाला कसं कळणार—"

"मलेच कळाले पाह्यजे होतं. मीटर मी बनवलं."

मी चहा ठेवायला आत गेले. पुलावर मला काय दिसलं ते तेव्हा सांगायला हवं होतं. मी साखर घातली, कप मोजले, चहा गाळला आणि बाहेर नेऊन दिला.

त्यानंतर त्यांनी शालूला चालवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, ड्यूटी असेल तर सकाळी. त्यांच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत विजेचे अकरा खांब होते. तिचा हात धरून ते निघत. घड्याळ काढून ठेवलेलं. प्रत्येक खांबापाशी थांबून विचारत, "कसं वाटते? दहापैकी किती?" एक म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे आता पडते. पहिल्या दिवशी दुसऱ्याच खांबाला ती म्हणाली, "आठ." ते तिथेच तिला घेऊन जमिनीवर बसले, मग घरी परत. सहा आला की बसायचं, असा नियम त्यांनी केला. खिशात लॉगशीटचा कोरा कागद असे, त्यावर खांब आणि आकडा लिहायचे. पण आधी तिच्या तोंडाकडे पाहायचे, मग लिहायचे. हे मी आमच्या व्हरांड्यातून रोज पाहत असे.

वसाहत टिंगल करायचीच. एकाने ओट्यावरून हाक मारली, "काय मेश्राम, पोट्टीचं रीडिंग घेऊन राहिले का गा?"

"हो बाप्पा. ह्या बारीले रीडिंग तेच सांगते, मी फक्त लिवतो."

"अन् वाढवून सांगितलं तं?"

"तं बसू. आमाले कुठी जायचं हाय?"

चार-पाच महिन्यांनंतरची एक संध्याकाळ मला नीट आठवते. आमच्या फाटकासमोर सातवा खांब होता. शालू तिथे थांबली, तिचे पाय लटपटत होते. मेश्रामांनी विचारलं. ती म्हणाली, "चार."

ते थांबले. कागद काढला नाही. "शालू, मले बरं वाटावं म्हणून नको सांगू वं."

तिला शब्द जुळवायला वेळ लागायचा. मग एकेक शब्द सोडत म्हणाली, "बाबा. त्या दिवशी. पुलावर. तुमी माह्याकडं पाह्यलंच नाही."

"नाही पाह्यलं," मेश्राम म्हणाले.

त्यांनी आणखी काही जोडलं नाही. सुईचं नाही, वाऱ्याचं नाही, माफ कर असंही नाही. तिचा हात धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने शालू म्हणाली, "सात." दोघं आमच्या फाटकाच्या दगडावर बसली. मी आतून पाणी आणून दिलं आणि परत वह्या तपासायला बसले. पाणी घेताना तिने माझ्याकडे पाहिलं होतं, त्या दिवशी पुलावरही पाहिलं होतं. तिला ते आठवत होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

अकराव्या खांबाला पोचायला तिला सव्वा वर्ष लागलं. शेवंताबाईंनी त्या दिवशी वसाहतीत सगळ्यांना बुंदी वाटली. मेश्राम कामावर गेले होते.

मग आमची बदली झाली. सामानाचा ट्रक भरून उभा होता, तुमची आई माझ्या कडेवर. त्या वेळी टाकीकडून ती दोघं येताना दिसली. शालू आता एकटी पुढे चालत होती, किंचित उजवीकडे कलून, आणि मेश्राम चार पावलं मागे, हात मोकळे. जवळ आले. मला वाटलं, आता सांगावं, पुन्हा भेट होईल न होईल. त्यांनी नमस्कार केला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुमाले कसं वाटते? दहापैकी किती?"

मी म्हटलं, "तीन."

ते पाहत राहिले. मी सांगेन म्हणून थांबल्यासारखे. मग म्हणाले, "बरं बाई. जपून जा," आणि वळले. शालू पुढे गेली होती. त्यांनी तिला हाक मारली नाही, पावलंही वाढवली नाहीत. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ते गेल्याचं शालूच्या पत्रातून कळलं. वाकडं अक्षर, पण तिचं स्वतःचं. ती पुढे एका शाळेत ग्रंथालयात लागली, तिथूनच निवृत्त झाली. आमच्या रांगेतली क्वार्टर्स पाडली आहेत. मीटरचं काय झालं मला माहीत नाही. मला जे दिसलं होतं, ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

शालू आता सत्तरीला आली. नागपुरातच असते. रोज सकाळी एकटी, काठी न घेता चालते. तिचा फोन नंबर माझ्या वहीत आहे.

— तुमची आजी